दीड तासाचा हिशेब

मागच्या अंकात मी बॉर्डन खून खटल्यावर पानभर लिहिलं आणि संपादकांनी खाली चौकट टाकली, ‘वाचकहो, तुम्हाला काय वाटतं?’ मला न विचारता. आता माझ्या टेबलावर पत्रांचा गठ्ठा पडलाय आणि बहुतेकांनी खुनी पकडलेला आहे. सहा निरनिराळे खुनी. एका सद्गृहस्थांनी तर बॉर्डन घराण्याची वंशावळ काढून तिच्यात लाल पेनाने फुल्या मारल्यात.

ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात. ४ ऑगस्ट १८९२, गुरुवार. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं फॉल रिव्हर हे कापडगिरण्यांचं शहर. तिथल्या सेकंड स्ट्रीटवरच्या घरात सकाळच्या उजेडात अँड्र्यू बॉर्डन (वय ६९) आणि त्यांची दुसरी बायको ॲबी (वय ६४) यांना कुऱ्हाडीसारख्या हत्याराने मारण्यात आलं. ॲबी वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या खोलीत, अँड्र्यू खाली बैठकीच्या खोलीत सोफ्यावर. त्या वेळी घरात आणि आवारात असलेली दोनच माणसं आपल्याला ठाऊक आहेत: अँड्र्यूंची पहिल्या बायकोपासूनची धाकटी मुलगी लिझी (वय ३२) आणि मोलकरीण ब्रिजेट सलिव्हन. थोरली मुलगी एमा फेअरहेवनला गेलेली. लिझीवर खटला चालला, २० जून १८९३ रोजी ती निर्दोष सुटली आणि त्यानंतर दुसऱ्या कुणावर आरोप ठेवला गेला नाही.

आता पत्रं.

प्रश्न : सावत्र आई, तीन लाख डॉलरच्या आसपासची इस्टेट आणि लग्न न झालेली मुलगी. आणखी काय हवं? खुनी समोर असताना तुम्ही पानभर ‘पण’, ‘परंतु’ का करता? – एक निवृत्त बँक अधिकारी

उत्तर : तुमचं उत्तर कदाचित बरोबरही असेल. पण तुम्ही ‘कोणी’पासून सुरुवात केलीत. पीएमच्या, म्हणजे शवविच्छेदनाच्या, टेबलापाशी एकतीस वर्षं उभी राहिल्याने माझी सुरुवात ‘केव्हा’पासून होते. बॉर्डन प्रकरणात तर ‘केव्हा’ हेच सगळं आहे.

घड्याळ मांडू. सातच्या सुमारास नवरा-बायकोने एकत्र न्याहारी केली. नऊनंतर अँड्र्यू कामाला बाहेर पडले. ॲबीने ब्रिजेटला खिडक्या बाहेरून धुवायला सांगितल्या आणि ती पाहुण्यांच्या खोलीतली आवराआवर करायला वर गेली. साडेनऊनंतर तिला जिवंत पाहिल्याचं कुणीच सांगितलं नाही. पावणेअकराला अँड्र्यू परतले. पुढचं दार आतून पक्कं बंद होतं, ते ब्रिजेटने खटपट करून उघडलं. थोड्या वेळाने ब्रिजेट माळ्यावरच्या आपल्या खोलीत जाऊन आडवी झाली, तिथे तिने अकराचे टोले ऐकले. मग दहाएक मिनिटांत खालून लिझीची हाक आली, लवकर ये, बाबांना कुणीतरी मारलंय.

डॉक्टर आले तेव्हा अँड्र्यूंच्या जखमांतून ताजं रक्त झिरपत होतं. ॲबीचं रक्त काळपट पडून गोठलेलं होतं, अंगही जास्त गार. दोघांची जठरं बांधून हार्वर्डच्या प्रा. एडवर्ड वुड यांच्याकडे पाठवली गेली. एकाच वेळी जेवलेल्या दोघांच्या पचनात वुडना स्पष्ट फरक दिसला. एखाद्या विद्यार्थ्याने नुसत्या जठरावरून मृत्यूची वेळ सांगितली असती तर मी त्याला नापास केलं असतं. भीतीने पचन थांबतं, आजाराने रेंगाळतं, आणि या घरात तर आदल्या दोन दिवसांत उलट्या चालल्या होत्या. पण इथे जठर एकटं बोलत नाही. रक्त, अंगाची ऊब आणि शेवटचं दर्शन, तिघांची साक्ष जुळते. ॲबी साधारण दीड तास आधी गेली.

तेव्हा तुमचा खुनी कोणीही असो, त्या दीड तासाचा हिशेब तुम्ही द्यायचा. एक माणूस वर मरून पडलेला आहे आणि दुसऱ्याची वाट बघत खुनी त्याच घरात, किंवा घराच्या आसपास, आहे. लिझीच्या बाबतीत हा हिशेब सर्वांत सोपा लागतो, हे मान्य. ती तिथे राहतच होती.

इस्टेटीचा मुद्दाही या क्रमाशी जोडलेला आहे. मृत्युपत्र सापडलं नाही. नवरा आधी गेला असता तर बायकोचा वाटा तिला मिळून पुढे तिच्या माहेरच्यांकडे गेला असता. बायको आधी गेल्याने सगळं दोन मुलींकडे आलं. या घरात माहेरावरून आधीच ठिणगी पडलेली होती: पाच वर्षांपूर्वी अँड्र्यूंनी ॲबीच्या सावत्र बहिणीसाठी अर्धं घर विकत घेतलं होतं. तेव्हापासून लिझी ॲबीला ‘आई’ म्हणेनाशी झाली, ‘मिसेस बॉर्डन’ म्हणू लागली.

मग ती सुटली कशी? कारण ज्युरीसमोर जे आलं तेवढ्यावरच त्या बारा पुरुषांना ठरवायचं होतं. खुनाच्या आदल्या दिवशी ती प्रुसिक ॲसिड हे जहाल विष मागायला आली होती असं औषधाच्या दुकानातला कारकून सांगत होता, त्याची साक्ष कोर्टाने घेतली नाही. प्राथमिक चौकशीत तिने दिलेली उलटसुलट जबानीही वगळली गेली. तळघरात सापडलेल्या कुऱ्हाडींवर वुडना रक्त मिळालं नाही, एकीवरचा केस गाईचा निघाला. उरलं काय? संधी आणि स्वभाव. ज्युरी परत आली तीही साधारण दीड तासात.

प्रश्न : बाहेरून कुणी येऊन लपून बसलं असेल, ही शक्यता पोलिसांनी नीट तपासलीच नाही असं मला वाटतं. मी घराचा नकाशा काढून बघितला. – अभियांत्रिकीचा विद्यार्थी

उत्तर : तुमचा नकाशा सुरेख आहे. त्यात एक दुरुस्ती करा. वरच्या मजल्यावर तुम्ही मधोमध बोळ दाखवलाय. त्या घरात असा बोळ नव्हता, खोलीतून खोलीत जावं लागे. आणि वरच्या मजल्याचे पुढचा-मागचा असे दोन भाग होते, मधलं दार कुलूपबंद. पुढच्या जिन्याने गेलात तर लिझीची, एमाची आणि पाहुण्यांची खोली. मागच्या जिन्याने गेलात तर नवरा-बायकोची. माणसं एका छपराखाली राहून एकमेकांना कुलूप लावत होती. वर्षभरापूर्वी त्या घरात दिवसाढवळ्या चोरी झाली होती, त्यामुळे कुलपांचा सोस आणखी वाढलेला.

बाहेरच्या माणसाला वाट होती का? होती. ब्रिजेट खिडक्या धूत असताना बाजूच्या दाराची कडी काढलेली होती आणि काही वेळ ती कुंपणापाशी शेजारच्या मोलकरणीशी बोलत उभी होती. आत शिरायला तेवढं पुरे. तिथपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे. पण पुढे तुमचा माणूस पुढच्या जिन्याने वर जातो, ॲबीला एकोणीस घाव घालतो, रक्ताने माखलेलं हत्यार घेऊन दीड तास एखाद्या कपाटात बसतो, लिझी वरखाली करते तरी तिला दिसत नाही, मग अँड्र्यू नेमके सोफ्यावर लवंडल्यावर दहा-पंधरा मिनिटांच्या फटीत बाहेर येतो आणि वर्दळीच्या रस्त्यावरून निघून जातो. अशक्य नाही. पण त्याला इतक्या वेळा दैवाची साथ लागते की मी त्याच्यावर पैज लावणार नाही.

पोलिसांबद्दल तुमची तक्रार रास्त आहे. त्या दिवशी फॉल रिव्हरच्या पोलिसांची वार्षिक सहल होती. बरेचसे शिपाई रॉकी पॉइंटला गेलेले. कथेत कुणी लिहिलं असतं तर आपण लेखकाला हसलो असतो.

तुम्ही बर्था मँचेस्टरचा उल्लेख केलाय. खटला सुरू व्हायच्या जेमतेम आठवडाभर आधी त्याच शहरात या तरुणीचा कुऱ्हाडीने खून झाला, हे खरं. लोकांनी लगेच म्हटलं, बघा, खरा खुनी मोकळा आहे आणि लिझी तुरुंगात. त्या प्रकरणात जो माणूस पकडला गेला तो बॉर्डन खुनांच्या वेळी अमेरिकेत आलेलाच नव्हता. पण ही गोष्ट पसरेपर्यंत त्या वावटळीचा फायदा आरोपीला व्हायचा तेवढा होऊन गेला असणार, असं माझं आपलं मत.

प्रश्न : चाळीस घाव घातले असं वाचलं होतं. तुम्ही एकोणीस म्हणता. – एक वाचक

उत्तर : लिझीवरच्या पोरांच्या गाण्यात आईला चाळीस आणि बापाला एक्केचाळीस घाव आहेत, ते गाण्यातलेच आकडे. ॲबीला अठरा-एकोणीस, अँड्र्यूंना दहा-अकरा. बाईच्या जखमा पुरुषाच्या जवळपास दुप्पट आहेत, ही गोष्ट मात्र त्या गाण्यात उलटीच झालीय.

प्रश्न : एवढे घाव घालून लिझीच्या अंगावर रक्ताचा थेंब कसा नाही? ती निर्दोष होती याचा याहून मोठा पुरावा कोणता? – गृहिणी, रहस्यकथांची चाहती

उत्तर : हा प्रश्न मला वर्गात दर वर्षी यायचा आणि मला आवडायचा, कारण इथे सिनेमा आणि शवागार यांच्यात फार अंतर आहे.

पहिल्या घावाला रक्त क्वचितच उडतं. जखम व्हावी लागते, तिथे रक्त साचावं लागतं, आणि मग त्यावर पुन्हा घाव बसला की ते उडतं. कुठल्या दिशेला, हे पात्याच्या कोनावर आणि मारणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं. हत्यार वर उगारताना त्याच्यावरचे थेंब मागे, भिंतीवर, छताकडे फेकले जातात. हृदय थांबलं की रक्ताची चिळकांडी थांबते, उरतं ते नुसतं वाहणं. त्यामुळे मारणारा न्हाऊन निघतोच असं नाही. पण कोरडा राहतो असं म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही. दोन खून, दोनदा. अँड्र्यूंच्या डोक्याखाली त्यांचाच लांब कोट घडी करून ठेवलेला सापडला. हौशी तपास करणाऱ्यांपैकी काहींचं म्हणणं असं की तो आधी खुनी व्यक्तीने अंगावर चढवला होता आणि नंतर तिथे सारला, म्हणजे त्यावरचं रक्त स्वाभाविक वाटेल. चलाख कल्पना आहे. पण तिने दुसरा खून झाकला जातो, पहिला नाही.

पहिल्या खुनानंतर कपडे बदलायला आणि धुवायला दीड तास मिळतो. दुसऱ्यानंतर दहा-पंधरा मिनिटं. लिझीला लगेच पाहणाऱ्यांना, ब्रिजेट, समोर राहणारे डॉ. बोवेन, शेजारच्या मिसेस चर्चिल, तिच्यावर रक्त दिसलं नाही. हे तिच्या बाजूचं सगळ्यात वजनदार माप आहे आणि तुम्ही ते पारड्यात टाकलंत हे योग्यच.

आता दुसरं पारडं. शनिवारी संध्याकाळी शहराच्या महापौरांनी घरी येऊन तिला सांगितलं की संशय तुमच्यावर आहे. रविवारी सकाळी तिने एक झगा स्वयंपाकघरातल्या चुलीत जाळला. रंगाचे डाग पडले होते, असं कारण. मैत्रीण ॲलिस रसेल तिथेच उभी होती आणि पुढे तिने ते कोर्टात सांगितलं. रंगाचे डाग पडलेला झगा माणूस जाळू शकतो. त्या रविवारीच का, याचं उत्तर मला कुणीही पटेल असं दिलेलं नाही.

आणि ज्याबद्दल पुरुष लेखक दोन ओळींत घाईने पुढे सरकतात तेही सांगते. तळघरात एका बादलीत रक्ताळलेल्या कापडाच्या घड्या भिजत होत्या. लिझी म्हणाली, माझ्या पाळीच्या आहेत. डॉक्टरांनी मान डोलावली. तपास करणारे सगळे पुरुष, विषय तिथेच संपला. तिच्या परकरावर टाचणीच्या डोक्याएवढा रक्ताचा डाग होता, तो वुडनी सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रुंदी मोजण्यापर्यंत तपासला. बादलीकडे मात्र कुणी ढुंकून पाहिलं नाही. लिझी खरंच बोलत असेल, मला तसं मानायला काहीच अडचण नाही. पण एका बाईने ती बादली उचलून बघितली असती.

प्रश्न : मामा जॉन मोर्सचं काय? आदल्या दिवशी अचानक आला, त्याच खोलीत झोपला, दुसऱ्या दिवशी खून! – काका म्हणा नुसतं

उत्तर : काका, तो सकाळी पावणेनऊला बाहेर पडला आणि दुसऱ्या नातेवाइकांकडे होता, त्यांनी तसं सांगितलं. परत आल्यावर घरात शिरायच्या आधी मागच्या अंगणात पेअर खात उभा राहिला, एवढाच त्याचा विचित्रपणा. फळं खाणं हा माझ्या माहितीत गुन्हा नाही. पुढचं पत्र.

प्रश्न : आज हे घडलं असतं तर डीएनए, बोटांचे ठसे यांनी एका दिवसात उकललं असतं ना? – शाळेतील विज्ञान शिक्षक

उत्तर : नाही, आणि गंमत त्यातच आहे. ठसे त्या काळात नव्हते असंही नाही. बॉर्डन खुनांच्या पाच-सहा आठवडे आधी, जून १८९२ मध्ये, अर्जेंटिनातल्या नेकोचेआ गावात दोन मुलांचा खून झाला होता. आई शेजाऱ्याकडे बोट दाखवत होती. दारावरच्या रक्ताळलेल्या ठशाने ती स्वतःच पकडली गेली. ही पद्धत पोलिसांत रुळायला पुढे काही वर्षं गेली. कलकत्त्याचं ठसे कार्यालय १८९७ चं. रक्त माणसाचं की जनावराचं हे खात्रीने सांगणारी चाचणी १९०१ ची.

पण सगळी यंत्रं सेकंड स्ट्रीटला नेली तरी मिळणार काय? लिझीचे ठसे. ब्रिजेटचे ठसे. ती तिथलीच माणसं होती. दाराच्या मुठीवर, पाण्याच्या नळावर, कुऱ्हाडीच्या दांड्यावरसुद्धा त्यांचे ठसे असणं हेच स्वाभाविक. घरात घडलेल्या खुनात घरच्यांविरुद्ध प्रयोगशाळा लंगडी पडते, आजही. परक्याचा डीएनए मिळाला असता तर वरच्या विद्यार्थ्याचं नशीब उघडलं असतं, एवढं खरं. तोही त्या गर्दीत टिकला असता तर. खुनाच्या दिवशी डॉक्टर, शेजारी, शिपाई, सगळे त्या खोल्यांतून फिरले. पीएम तिथल्याच जेवणाच्या खोलीत झालं आणि लिझी, एमा त्या रात्री त्याच घरात झोपल्या.

प्रश्न : मोलकरणीने केलं असेल. अशा उकाड्यात, बरं नसताना खिडक्या धुवायला लावल्या, डोकं फिरलं असेल. – एक वाचक

उत्तर : तसं असेल तर पहिल्या खुनानंतर ती शांतपणे खाली येऊन पुन्हा खिडक्या धुऊ लागली आणि दीड तासाने मालकाला दार उघडायला गेली, असं धरावं लागेल. राग असा टप्प्याटप्प्याने येत नाही. या तर्काला शंभरावर वर्षं लोटलीत आणि तो कधी म्हातारा होत नाही, कारण घरात एक आयरिश मोलकरीण हाताशी असते. ब्रिजेट पुढे माँटानाला गेली, तिथे लग्न केलं आणि १९४८ मध्ये वारली.

प्रश्न : हे पत्र छापलं नाही तरी चालेल. माझ्या काका-काकूंचा त्यांच्या घरात खून झाला त्याला चार वर्षं झाली. कुणी सापडलं नाही. त्या दिवशी त्यांना शेवटचं भेटले ती मी. नात्यातल्यांनी मला तोंडावर विचारलंय, दुपारी तू तिथे नक्की काय करत होतीस? तुमचा लेख वाचताना मला लिझीच्या जागी मीच दिसत होते. लोकांना हा खेळ वाटतो. आणि एक विचारायचं होतं, काकूला फार त्रास झाला असेल का?

उत्तर : छापतेय, कारण तुमच्या वरची सात पत्रं लिहिणाऱ्यांनी ते वाचावं असं मला वाटतं. तुमची खूण पटेल असा तपशील गाळला आहे.

लिझी सुटल्यावर चौतीस वर्षं त्याच शहरात राहिली. टेकडीवरच्या मोठ्या घरात, पैशाला कमी नाही. पण लोक तिला टाळत. १९०५ मध्ये बहीणही घर सोडून गेली. १ जून १९२७ रोजी लिझी गेली आणि नऊ दिवसांनी एमा. लिझी खुनी असेल तर तिला मिळाली ती शिक्षा फारच सौम्य होती. नसेल तर काय, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी स्वतः वर कितीतरी ओळी तिच्या जळालेल्या झग्यावर खर्च केल्यात. तुमचं पत्र आल्यावर त्या काढून टाकाव्यात का याचा दोन दिवस विचार केला. ठेवल्या, कारण तो पुरावा कोर्टात आलेला आहे आणि ती माणसं जाऊन जमाना झाला. तुमच्या काका-काकूंबद्दल मात्र मला कुणी विचारलं, तर मी एका शब्दाचाही तर्क करणार नाही.

शेवटची भेटलेली व्यक्ती म्हणून तुमच्याकडे बोट दाखवतात, त्याबद्दल तज्ज्ञ म्हणून एवढंच सांगते. ‘शेवटचं पाहिलेलं’ या शब्दांना मृत्यूच्या वेळेशिवाय काही किंमत नाही. ती वेळ पीएम रिपोर्टमध्ये असते, बहुधा काही तासांचा पट्टा म्हणून. तुम्ही दुपारी गेलात आणि पट्टा रात्रीचा असेल तर त्या प्रश्नात दमच उरत नाही. तपास अधिकाऱ्याला भेटा, जवळचे नातेवाईक म्हणून रिपोर्टची प्रत आणि तपास कुठवर आलाय हे लेखी मागा. तोंडी मागू नका. अर्जाच्या आपल्या प्रतीवर पोच घ्या. प्रत मिळाली तर मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, मी वाचून तुम्हाला फोनवर समजावून सांगेन. छापणार नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न मला शवागाराच्या दाराशी इतक्या लोकांनी विचारलाय की त्याचं उत्तर द्यायला मला विचार करावा लागत नाही. पण खोटं सांगायचीही सवय नाही. इजा कुठे आणि कशाने झाली हे वाचल्याशिवाय मी काकूंबद्दल बोलू शकत नाही. डोक्यावरचे जोराचे घाव असतील तर शुद्ध बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन घावांतच जाते. पुढचे कितीही असोत, ते तिला कळलेले नसतात. मोजतो आपण. रिपोर्टमध्ये बाहेरून दिसणाऱ्या जखमांची नोंद असेल, त्यात हातांवरच्या, म्हणजे स्वतःला वाचवायला हात पुढे केल्याच्या, जखमा आधी बघा. तिथे काही नाही असं लिहिलं असेल, तर मला त्याच दिवशी कळवा.